पागधरे मॅडमचा वारा

पागधरे मॅडमच्या नाकावर माशी बसली तर त्या मान झटकत, फुंकर मारत, तोंड वेडंवाकडं करत. पण हात काही वर जात नसे. आमच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला वाटायचं की या बाईंच्या मानेला काहीतरी झालंय. मलाही वाटलं होतं. मी तर मोठ्या आपुलकीने घरून दुखण्यावरचं मलम नेलं होतं. त्यांनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मान ठीक आहे. तोंडाला हात लावायचा नाही, एवढंच. डबी तुलाच लागेल, काम सुरू झालं की."

घाम आला की त्या डावा खांदा वर उचलत आणि त्यावर गाल पुसत. डोळ्यात काही गेलं तरी खांदाच. त्यांच्या सगळ्या पंजाबी ड्रेसचे डावे खांदे उजव्यांपेक्षा विटलेले असायचे. कपाटातून कुठलाही ड्रेस काढा, खांदा बघून सांगता आलं असतं की हा मॅडमचा.

बोईसरच्या एका धर्मादाय रुग्णालयात आमची क्षयरोगाची लॅब होती. डोंगराकडच्या पाड्यांतून, एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळींतून, किनाऱ्यावरच्या गावांतून थुंकीच्या डब्या यायच्या आणि त्या सगळ्या आतल्या खोलीत उघडायच्या. त्या खोलीला दोन दारं. दोन दारांच्या मध्ये एक चिंचोळी जागा, तिथे गाऊन, मास्क, हातमोजे चढवायचे. छतावर मोठा पंखा, तो आतली हवा ओढून गाळून वर सोडायचा, म्हणजे बाहेरची हवा सतत आत शिरत राहायची आणि आतली दाराने बाहेर यायची नाही. मॅडम त्या खोलीच्या प्रमुख. दिवसाचा बराचसा वेळ त्या आत एकट्या असत आणि आम्ही काचेतून त्यांची पाठ बघत असू.

क्षय हवेतून पसरतो, मग हातांचं एवढं कशाला, असं एकदा पालघरचा निखिल त्यांना म्हणाला. हा आमच्यातला हुशार. मॅडम म्हणाल्या, "आज क्षय आहे, उद्या दुसरं काही येईल. हाताला काय कळतंय?"

आणि मग त्यांनी आमची खोड मोडली. एका सकाळी आमच्या हातमोज्यांवर कसलीशी पूड लावून ठेवली. दिसायला काहीच नाही. आम्ही रोजच्यासारखं काम केलं, चहाच्या वेळी त्यांनी आम्हाला एका ओळीत उभं केलं, दिवे घालवले आणि जांभळा दिवा लावला. निखिलचं नाक लखलखत होतं. एक कान पण. बाकीच्यांच्या कपाळांवर, हनुवट्यांवर बोटांचे ठसे. माझा चेहरा मात्र कोरा.

"कुठली गं तू?" मॅडमनी विचारलं.

"वाणगावची. आमची मिरची आहे."

लहानपणापासून मिरची तोडलेली पोर मी. त्या हाताने एकदा डोळा चोळला की जन्मभराचं शहाणपण येतं. मॅडम हसल्या. त्या मोठ्याने हसू शकतात हे त्या दिवशी सगळ्या लॅबला कळलं, आणि त्या दिवसापासून आतल्या खोलीत त्यांच्या जोडीला मी जाऊ लागले.

आत जायच्या आधी त्यांचा एक रिवाज होता. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी त्या दाराच्या फटीशी धरायच्या. पट्टी आत ओढली गेली की म्हणायच्या, "खारा." मग आम्ही आत. समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा, जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई, हे शाळेच्या भूगोलात मीही पाठ केलं होतं. पण कुणी खोलीच्या हवेला ही नावं देईल असं वाटलं नव्हतं. भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं यंत्र होतं. मॅडम त्याच्याकडे बघत, मान डोलवत, आणि तरीही पट्टी काढतच.

या पट्टीची गोष्ट त्यांनी मला एका सोमवारी सांगितली. सोमवारी मॅडम बोलक्या असत. कुंभवलीला त्या एका खोलीत एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. पण दर रविवारी तारापूरच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आपल्या गावी आईकडे जात आणि सोमवारी त्यांच्या जिभेवर अजून गाव असे. एरवी पुस्तकासारखं बोलणारी बाई सोमवारी "नाय", "हाय" करायची. मंगळवारपर्यंत ते ओसरून जाई.

त्या शाळेत असताना त्यांच्या वडिलांना क्षय झाला होता. होडी दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्यांना घरामागे जाळी ठेवायच्या खोपीत निजवलं. रत्नप्रभाला, म्हणजे आमच्या मॅडमना, दारापर्यंतच जायची मुभा. आत फक्त आई जायची. वडील आतून विचारायचे, "वारा कुठचा गो?" ही बाहेर हात वर करून, केस कुठे उडतात बघून सांगायची, "खारा, बाबा." किंवा "मतलई." मग वडील सांगायचे की आता होड्या परतायला लागतील, आता निघाल्या असतील. तेवढंच बापलेकीचं बोलणं. पुढे एके दिवशी हिने वारा सांगितला आणि आतून काही उत्तर आलं नाही.

"तेव्हापासून सवय," मॅडम म्हणाल्या आणि पट्टी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली.

स्वभावाने त्या माणूसघाण्या नव्हत्या, पण माणसांत मिसळायचं कसं हे विसरल्या होत्या. कुणाचा वाढदिवस असला की आम्ही बाहेरच्या खोलीत केक कापायचो. त्या टाळ्या वाजवायच्या, केक कागदात गुंडाळून घ्यायच्या आणि आवारातल्या बदामाच्या झाडाखाली जाऊन एकट्या खायच्या. कोरोनाच्या दिवसांत मात्र त्यांचा भाव अचानक वधारला. ज्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं तेच येऊन मास्क कसा घालायचा, हात कसे धुवायचे विचारू लागले. सगळं बोईसर खांद्याने नाक पुसायला लागलं होतं. मॅडम उत्साहाने शिकवत होत्या. मग साथ ओसरली, लोक पुन्हा हस्तांदोलनं करू लागले आणि मॅडम पुन्हा बदामाखाली गेल्या.

त्यानंतरच कधीतरी ते पंख्याचं झालं. एका रविवारी छतावरचा पंखा जळाला. विजेच्या माणसाने तो दुरुस्त केला आणि सोमवारी सकाळी चालू करून दिला. आवाज तोच, दिवे हिरवे. फक्त दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता. मॅडमनी नेहमीप्रमाणे बाहेरचं दार किलकिलं करून पट्टी धरली. पट्टी त्यांच्याच तोंडावर आली.

"मतलई!" असं त्या ओरडल्या की मी दचकून मागे सरले. त्यांनी दार लोटलं, आम्हाला सगळ्यांना अंगणात काढलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. विजेचा माणूस आला. "मॅडम, पंखा तो चल रहा है ना?" त्या म्हणाल्या, "चल रहा है. उल्टा चल रहा है. तू वर जा." रिपोर्टांना उशीर होतोय म्हणून व्यवस्थापक खाली आले, रागावले, पेशंट खोळंबल्याचं सांगून पाहिलं. मॅडम खुर्चीवरून हलल्या नाहीत. पंखा सुलट झाला, खोली बराच वेळ तशीच चालू ठेवली, पट्टी आत वळली, तेव्हाच उठल्या.

धोका नखाएवढा होता. आतलं सगळं सामान बंद होतं, काही सांडलेलं नव्हतं. पण मास्क मधल्या जागेत घालायचा असल्यामुळे दाराशी पट्टी धरताना मॅडमच्या तोंडावर काही नव्हतं, आणि आतून आलेला वारा थेट त्यांच्या चेहऱ्यावर आला होता. त्यांनी स्वतःच कळवलं, तपासण्या करून घेतल्या. छातीचा एक्स-रे फोटो स्वच्छ आला. छातीच्या डॉक्टरांनी पाठ थोपटून सांगितलं की निर्धास्त राहा.

पुढच्या रविवारी मॅडम घरी गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सोमवारी त्या मंगळवारसारख्या बोलू लागल्या.

मी गप्प राहणाऱ्यातली नाही. एक दिवस विचारलंच. त्या म्हणाल्या, "फोटो आजचा आहे. जंतू अंगात झोपून राहतो. तुला शिकवलंय मी."

"झोपलेला जंतू दुसऱ्याला लागत नाही. हेही तुम्हीच शिकवलंत."

"जागा झालेला पहिल्या दिवशी कळतो का? आई म्हातारी आहे गं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पुस्तकात होतं, भिंतीवरच्या तक्त्यावर होतं, तो तक्ता मॅडमनीच लावला होता. पण त्या खोपीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या पोरीला तक्ता दाखवून काय उपयोग होता?

त्यांची आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. सुकट, बोंबील, वाकट्या. काळीसावळी, काटक, कासोट्याचं लुगडं, नजर अशी की गिऱ्हाईक घासाघीस करायला धजावू नये. आता मायलेकींची भेट बाजारातच व्हायची, आणि ती भेट बघायला मी एकदा तिथे होते. मॅडम आधी लांबूनच थांबल्या. आईचा पदर कुठल्या बाजूला उडतोय ते बघितलं आणि वळसा घालून बरोब्बर अशा जागी उभ्या राहिल्या की वारा आईवरून त्यांच्याकडे यावा. मग तिथूनच, गर्दीच्या डोक्यावरून, "जेवलीस काय?" वगैरे. बोंबलांचा सगळा वास अंगावर घेत. तो वास त्यांच्या कपड्यांना संध्याकाळपर्यंत राहायचा आणि मला वाटतं, त्यांना तो राहायला हवाच होता.

"बग कशी उबी र्‍हाते, पोलिसावानी," आई मला म्हणाली. "घरात काय भूत हाय काय आमच्या? ही नाय येत ती नाय येत. दोन मानसांचा भात टाकते मी रईवारी, आन कुत्र्याला घालते." तिने सुकटीचा पुडा बांधून माझ्या हातात कोंबला. "हिला दे. माज्या हातून घेत नाय ती."

मी तो पुडा चार पावलांवर उभ्या असलेल्या लेकीला नेऊन दिला. इतका विचित्र निरोप मी आयुष्यात पोचवलेला नाही.

आईचं खोकणं पहिल्यांदा मॅडमच्याच लक्षात आलं, त्या चार पावलांवरून. गळ्याची हाडं वर आलेलीही त्यांनाच दिसली. दुसऱ्या दिवशी डबी लॅबमध्ये आली. आपल्या माणसाचा नमुना आपण लावायचा नाही हा मॅडमचाच नियम. "तू लाव," त्या म्हणाल्या आणि काचेबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी पट्टी धरली, खारा म्हटलं, आत गेले, डबी उघडली. यंत्राला उत्तर द्यायला वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ त्या काचेबाहेरून हलल्या नाहीत. उत्तर आल्यावर मी मान वर केली. मास्कमुळे माझे फक्त डोळे दिसत होते. त्यांना तेवढे पुरले.

दुपारी आम्ही बदामाच्या झाडाखाली होतो. बाकावर आई, तिच्या तोंडाला मास्क. समोर छातीचे डॉक्टर. आणि मॅडम, त्यांनाही मास्क, पुन्हा चार पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की औषधांना दाद देणारा आजार आहे, आजी खडखडीत बऱ्या होतील. म्हातारपणी अंगातला जोर कमी झाला की कधीचा झोपलेला जंतूही उठून बसतो.

"कितीक जुना असल?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही, आजी. तुमच्या तरुणपणातलाही असू शकतो."

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आये, मी आणला. तो पंखा उलटा झाला त्या दिवशी माज्या तोंडावर..."

"गप र्‍हा," आई म्हणाली. "तुजा नाय तो. तुज्या बापाचा हाय."

डॉक्टरांनी उघडलेलं पेन बंद केलं.

"तुला दाराशी उबी केली, आन मी आत जायाची," आई सांगत होती, अगदी बाजारातला हिशोब सांगावा तशा आवाजात. "भात भरवायची, पाठ चोलायची, रातची तितंच निजायची. लोक नको नको म्हनायचे. तवाचा हाय हा. इतकी वर्सं माज्याजवल होता, आन माला बोलला पन नाय."

यात पुरावा काही नव्हता. जंतू कुणाचा, कुठून आला, हे आमच्या त्या सगळ्या यंत्रांना सांगता आलं नसतं. पण म्हातारीने ठरवून टाकलं होतं आणि तिच्या त्या ठरवण्याला हात लावायची हिंमत तिथे कुणातही नव्हती. मॅडम पुढे आल्या. वारा कुठचा हे न बघता आईच्या शेजारी बाकावर बसल्या. डोळे वाहत होते, मास्क भिजत होता आणि दोन्ही हात मात्र मांडीवर पालथे, शिस्तीत.

"पूस की गो डोले," आई म्हणाली. मॅडमनी डावा खांदा वर केला. "ही कुटली रीत?" म्हणत आईने पदर ओढला आणि लेकीचा सगळा चेहरा, कपाळापासून मास्कपर्यंत, खसाखसा पुसून काढला, लहान पोराचा पुसतात तसा. मॅडम डोळे मिटून बसून राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं, कारण मलाही रडू येत होतं.

गोळ्यांचे महिने सुरू झाले. मॅडम दर रविवारी घरी जाऊ लागल्या, आधी मास्क लावून, मग न लावता. सोमवारी पुन्हा "हाय", "नाय" सुरू झालं. कुणाच्या होडीला सरंगे मासे लागले, आईने कुणाला फैलावर घेतलं, गोळी बघून तोंड कसं केलं, सगळं आम्हाला ऐकावं लागे. आजी बऱ्या झाल्या, पुन्हा बाजारात बसल्या, आणि आता पुडा मॅडम स्वतःच्या हाताने घेत. पुढे एका दुपारी, सुकट वाळत घालून आजी ओट्यावर जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. आजार नव्हता, वय होतं. मॅडम तेव्हा आतल्या खोलीत होत्या. हातातलं काम अर्धं टाकता येत नाही. मी काचेवर टकटक केली, त्यांनी माझे डोळे बघितले, समोरची नळी बंद केली, सगळं पुसलं, हातमोजे उलटे करून काढले, हात धुतले, आणि मग बाहेर आल्या. एकही पायरी गाळली नाही.

निवृत्त झाल्यावर त्या कुंभवलीची खोली सोडून आईच्या घरी राहायला गेल्या. आता पट्टी मी धरते. सवयीने मोठ्याने "खारा" म्हणते आणि नवी पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

मागच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. गल्लीत विचारलं तर एक बाई म्हणाली, "ती लॅबवाली मॅडम काय? ती तितं, शेवटाला." त्यांच्याच गावात त्यांना कुणी रत्ना म्हणत नव्हतं. म्हणणारी गेली होती. मॅडम मागच्या ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या, उघड्या हातांनी. मला बघून आनंदल्या, चहा केला, आणि मग आम्हा दोघींकडे फारसं बोलण्यासारखं उरलं नाही. सोमवार होता, तरीसुद्धा.

"पंखा बरा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"आज सकाळी कुठचा होता?"

"खारा, मॅडम."

त्यांनी मान हलवली. सूप बाजूला ठेवलं. घरामागची ती खोपी आता रिकामी होती, तिचं दार वाऱ्याने हलत होतं, तिकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले आणि वाहू लागले, हात सुपाच्या काठावर तसेच.

मी म्हटलं, "मॅडम, आता पुसा की हातांनी. इथे कुठे लॅब आहे?"

"हात वर जात नाय गो," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी डावा खांदा उचलला. तेव्हा मला दिसलं की खांद्यावर सेफ्टी पिनने एक कापडाची घडी लावलेली आहे. जुनी, मऊ, धुवून धुवून विरलेली. आईच्या लुगड्याचा पदर होता तो. मॅडमनी त्यावर गाल टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.